दाजींच्या कामात फट नसते

सकाळी सव्वानऊला मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातला गॅस गीझर बंद केला, सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढून माझ्या पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि दाजींना म्हणाले, "आता करा काय करायचं ते."

त्यांच्या घरात त्यांना असं कुणी म्हणत नाही. ताई तर नाहीच नाही.

दाजी धंद्याने सुतार. गावभर त्यांना मिस्त्री म्हणतात आणि मिस्त्री म्हणताना आवाज जरा खाली येतो, असा मान. हातच तसा आहे, खोटं कशाला बोलू? त्यांनी केलेल्या कपाटाचं दार लावलं की आतली हवा फुस्स करून बाहेर येते. खिडकी लावली की रस्त्यावरचा भोंगा ऐकू येत नाही. "आपल्या कामात फट नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्न ठरवायला आले तेव्हा आमच्या वडिलांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं, आणि वडील म्हणाले होते, "माझ्या कामात असते बुवा. ठेवावी लागते." वडील प्लंबर होते. तो विनोद नव्हता, पण सगळे हसले.

मी वडिलांचंच काम करते. गीझर बसवते, दुरुस्त करते. गिऱ्हाईकं मला पाठीमागे सुतळीबाई म्हणतात आणि काही तोंडावरही म्हणतात. त्याचं कारण माझ्या पिशवीत कायम असलेलं सुतळीचं बंडल. कुठलाही गीझर गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी मी वीतभर सुतळी पेटवते, फुंकून ज्योत घालवते आणि तिचा धूर गीझरच्या माथ्याशी, धुराची नळी जिथून सुरू होते तिथे धरते. धूर नळीत ओढला गेला, तर घर राहण्यासारखं आहे. धूर खोलीत वळला, तर गीझर बंद. मग समोर कोण आहे, घाई कसली आहे, मी बघत नाही. वडिलांनी घालून दिलेला नियम आहे आणि त्याला अपवाद त्यांनी सांगून ठेवलेला नाही.

तर त्या दिवशी मी गीझर बघायला गेलेच नव्हते. भाचीला बघायला गेले होते. तिला आम्ही बारकी म्हणतो. आता ती माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते, पण नाव पडलं ते पडलं. बाळंतपणासाठी आईकडे आली होती. बाळ पंचवीस दिवसांचं. नवरा नोकरीच्या गावी. संध्याकाळी त्याचे आईवडील, म्हणजे ताईचे व्याही आणि विहीणबाई, नातवाला बघायला पहिल्यांदाच यायचे होते आणि चार दिवस राहायचे होते. दाजी दोन महिने याच दिवसासाठी खपले होते. घराला बाहेरून रंग, आत नव्या टाइल्स, आणि बारकीच्या खोलीपासून धुण्याच्या खोलीपर्यंत, मूळ स्लॅबखाली, लाकडी पट्ट्यांचं खोटं छत.

मी गेले तेव्हा बारकी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले.

"काय गं, झोप नाही का?"

"डोकं, मावशी. दोन आठवडे झाले. सकाळ झाली की ठणकायला लागतं. मळमळतं. उठले की भोवळ येते."

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "अशक्तपणा आहे तो! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. पहिलटकरणीला होतंच."

"आणि बाळ?"

ताई पदराला हात पुसत दारात आली. चेहरा असा फुललेला. "बाळाचं काय विचारतेस! गुणी आहे नुसतं. सकाळी तर रडतसुद्धा नाही, पडून असतं. दुपारी मात्र घर डोक्यावर घेतं."

पंचवीस दिवसांचं पोर सकाळी गुणी आणि दुपारी द्वाड? त्याला घड्याळ कळतं होय?

"बारके, दुपारी तुझं डोकं कसं असतं?"

"उतरतं. दुपारी व्हरांड्यात बसते ना याला घेऊन."

"आणि सगळ्यात जास्त कधी दुखतं?"

तिने विचार केला. "रविवारी. सगळे निवांत न्हातात, केस धुतात, नळ चालूच असतो. पण त्याचा काय संबंध?"

मी वर बघत होते. पट्टीला पट्टी अशी बसवली होती की नख जाणार नाही. मधोमध छतात बसवलेला गोल दिवा. दिव्याच्या बरोबर खाली पाळणा.

खिडकी दोन आठवड्यांत उघडलेली नव्हती. बाळाला वारा लागेल म्हणून. मी ती सताड उघडली. "बाळाला घे आणि व्हरांड्यात जा. शाल घे, टोपी घे, काय घ्यायचं ते घे, पण आधी बाहेर हो."

"अगं पण..."

"बाहेर!"

मी लहानपणापासून तिच्यावर ओरडलेली नाही. त्यामुळे ती लगेच गेली.

धुण्याची खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधली लहानशी जागा. तिची एक भिंत बाहेरची, एक बारकीच्या खोलीला लागून. दहा वर्षांपूर्वी मीच तिथे गीझर बसवला होता. बाथरूमच्या आत बसवा म्हणणाऱ्यांना मी दारातूनच नमस्कार करते; आंघोळीच्या बंद खोलीत ज्योत नको म्हणजे नको. म्हणून बाहेरच्या भिंतीला गीझर, त्याच्या माथ्यावरून निघालेली रुंद नळी चढती नेऊन भिंतीतून बाहेर काढलेली, आणि टोकाला वाऱ्यापावसाची टोपी. आता तिथे गीझर दिसेना. तिथे सागवानी कपाट होतं.

दाजी मागून आले. "कसं झालंय?" त्यांनी दार उघडलं. फुस्स! आत गीझर, खाली सिलिंडर. "घरात शिरल्या शिरल्या हे धूड दिसायचं. आता दिसतं का?"

"नळी कुठाय?"

"आहे की. कापून छोटी केली आणि वर छतात सोडली."

"छतात म्हणजे छताच्या वर? बाहेर?"

"छतात म्हणजे छतात. नवीन रंग काढलाय बाहेरून. समोरच्या भिंतीतून ते काळं बोंडूक डोकावत राहू देऊ? भोक बुजवून टाइल लावली. कुठे होतं ते ओळखून दाखव."

खरंच ओळखू येत नव्हतं. कामच तसं. मी नळ सोडून ज्योत पाहिली. निळी असायला हवी ती पिवळी झाली होती, लांब आणि लोळणारी. कोंडलेल्या कपाटात तिला पुरेशी हवाच मिळत नव्हती. वरच्या फळीवर काजळीचा थर. आणि ते सुंदर छत धुण्याच्या खोलीवरून सलग, एकाच पोकळीने, बारकीच्या खोलीवर गेलेलं. घरातला प्रत्येक माणूस सकाळी सुखाने न्हात होता आणि त्या ज्योतीचं सगळं उच्छिष्ट पाळण्याच्या वर जाऊन बसत होतं.

तेव्हा मी नळ बंद केला, रेग्युलेटर काढला, आणि दाजींना जे म्हणायचं ते म्हणाले.

"तुझं डोकं फिरलंय," दाजी म्हणाले. "संध्याकाळी व्याही येतायत. त्यांना काय गार पाण्याने न्हायला सांगू?"

"पातेल्यात तापवा."

"पातेल्यात! एवढं घर केलं आणि व्याह्यांपुढे पातेलं ठेवू?" मग आवाज मऊ केला. दाजींना ते जमतं. "हे बघ, आजचा दिवस जाऊ दे. चार दिवसांत ते जातील. मग तू म्हणशील तसं करू."

आजचा दिवस! या धंद्यात मी हे दोन शब्द जितके ऐकलेत तितके स्वतःचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. आज पाहुणे आहेत. आज रंगवाला येणार आहे. आज साहेबांना उशीर झालाय. विष थांबतं होय कुणाच्या पाहुण्यांसाठी?

"आज नाही, दाजी. आणि उद्याही नाही. ही नळी बाहेर जाईपर्यंत हा गीझर पेटणार नाही."

"अगं, धूर असता तर दिसला नसता? वास आला नसता? मी काय आंधळा आहे?"

"ज्योतीचा हा विषारी वायू दिसत नाही. याला रंग नाही, वास नाही. लाकूड जळलं तर माणूस खोकत जागा होतो. हा माणसाला झोपवतो. म्हणून तर तुमचा नातू गुणी झालाय."

ताईच्या हातातला चमचा खाली पडला.

"अभद्र बोलू नकोस माझ्या घरात!" दाजी असे ओरडले की व्हरांड्यातलं बाळ रडायला लागलं. मला तो आवाज ऐकून जिवात जीव आला. "रेग्युलेटर काय तुझ्या एकटीकडेच मिळतो? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी तू!"

"सुतळीच आहे मी. गावाला माहीत आहे."

ते स्कूटरला किक मारून निघून गेले. चौकातल्या दुकानात, दुसरं कुठे जाणार?

मी शेजारच्या नर्सबाईंना फोन केला. त्या ड्यूटी संपवून घरीच येत होत्या. म्हणाल्या, दोघांनाही उघड्यावर ठेवा, कुठेही आत नेऊ नका, मी गाडी घेऊनच येते, थेट दवाखान्यात जाऊ. मग मी मागे वळले. ताई अजून तिथेच, चमचा पडलेला तिथेच.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली.

"काय वाटलं होतं?"

"नळी कापली त्या दिवशीच. बाबांबरोबर सुतळी धरायला मीच जायचे ना, तू तेव्हा पाळण्यात होतीस. धूर आत वळला की बाबा कसे गप्प सामान आवरायला लागायचे, ते मी बघितलंय. माझ्या ओठांवर आलं होतं गं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन महिने खपले होते ते. इतके खूश होते." तिने डोळ्यांना पदर लावला. "आणि मला वाटलं, त्यांना कळत असेल. त्यांना सगळंच कळतं ना."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त तिची दया आली. मी तिला जवळ घेतलं नाही. मी तिला म्हटलं, "काडेपेटी आण."

वीस मिनिटांत दाजी नवा रेग्युलेटर नाचवत परत आले. मी कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी होते.

"सरक."

"सरकते. आधी एक गोष्ट बघा. गॅस नको, ज्योत नको, नुसती सुतळी. तुम्ही बारकीच्या खोलीत जाऊन उभे राहा."

"नाटकं नकोत."

"तुम्हीच म्हणालात ना, धूर असता तर दिसला असता? मग बघा तरी."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "ठीक आहे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. दिसला नाही तर मुकाट्याने घरी जायचं. आणि पुन्हा माझ्या कामाला नाव ठेवायचं नाही."

"कबूल."

बारकीच्या खोलीची खिडकी लावली. ती आणि बाळ व्हरांड्यात, काचेच्या पलीकडे. ताईने वीतभर नाही, हातभर सुतळीची जुडी केली, पेटवली, फुंकून ज्योत घालवली. हात सराईत होता. एवढी वर्षं झाली तरी विसरली नव्हती. धुमसती जुडी तिने एका डब्यात ठेवून नळीखाली धरली, डबा तिथे टेकवला आणि दाजींचं सागवानी दार लावलं. फुस्स!

आम्ही तिघं पाळण्याभोवती उभे राहिलो. पाळणा रिकामा.

काहीच झालं नाही. मिनिट गेलं. छताकडे बघून माझी मान दुखायला लागली. दाजींच्या मिशीखाली हसू फुटायला लागलं होतं. त्यांनी खिशातल्या रेग्युलेटरवर हात ठेवला. खरं सांगते, माझाही धीर सुटला. मनात आलं, न जाणो, वर भिंत घातली असेल, पोकळी वेगळी केली असेल, आणि मी एका भरल्या घराचा सण नासवला असेल.

तेवढ्यात गोल दिव्याच्या कडेने एक करडा दोरा खाली आला. मग दुसरा. आणखी कुठूनही नाही. अख्ख्या छतात पट्ट्यांच्या शंभर जोडांपैकी एकातूनही धूर आला नाही. फक्त दिव्याच्या भोकातून आला, आणि सरळ पाळण्याच्या गादीवर उतरला. खोलीभर जळक्या सुतळीचा वास सुटला.

"ते भोक वायरमनने पाडलंय," दाजी म्हणाले. "माझ्या जोडात फट नाही."

"तेच तर म्हणतेय मी!" माझा तोल गेला तो गेलाच. "तुमच्या एखाद्या जोडात जरी फट असती ना, तर ते सगळं निदान विखरून गेलं असतं. तुम्ही सगळ्या वाटा बंद केल्या आणि एकच ठेवली. तीही पाळण्यावर!"

दाजी काही बोलणार, तोच बाहेरून काचेवर टकटक झाली. बारकीने सगळं बघितलं होतं. तिने खिडकी बाहेरून ढकलली.

"बाबा, मी दवाखान्यात चाललेय. अशक्तपणासाठी नाही. तिथे सांगणार आहे, आमच्या घरात गीझरचा विषारी वायू कोंडतो म्हणून. आणि तो असाच पेटणार असेल तर मी या घरात परत येत नाही. सासूबाई-मामंजींना मी फाटकातच भेटेन आणि का ते पण फाटकातच सांगेन."

"बारके, लोक काय म्हणतील..."

"म्हणू देत."

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी नाक ओढलं. नर्सबाईंची गाडी आली. बाळ, बारकी, शाल, टोपी, सगळं गेलं. दाजी खोलीतून बाहेर पडले आणि हॉलमध्ये स्वतः केलेल्या खुर्चीवर तोंड फिरवून बसले.

मी त्यांना विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि मी जिथे दहा वर्षांपूर्वी भोक पाडलं होतं तिथे बोटांनी मापून पहिला घाव घातला. टाइल छान होती, फिकट निळी. दुसऱ्या घावाला तिचे चार तुकडे झाले. हॉलमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पुन्हा शांत झाला. मी आणखी जोरात मारायला लागले. जेवढा राग होता तेवढा त्या भिंतीत घातला. तो पुरून उरला.

दुपारपर्यंत आरपार उजेड दिसला. कपाटाची दारं बिजागऱ्यांसकट काढून मी अंगणात उभी करून ठेवली. सिलिंडर खोलीबाहेर काढला. दुकानातून नवी नळी आणली, गीझरच्या तोंडाएवढीच रुंद, कुठे चिंचोळी नाही. आधी सरळ वर, मग चढती, भिंतीपलीकडे हातभर बाहेर, कुठल्याही खिडकीपासून लांब. जोड घट्ट केले. टोकाला टोपी. छतातलं भोक बंद केलं. गीझरची ज्योत जिथे जळते ती जाळी घासून काजळी काढली. ताई मला वस्तू देत होती. मी मागायच्या आधी पक्कड हातात येत होती.

मग सुतळी. खिडकी उघडी असताना धूर नळीत असा पळाला की जणू त्याला कुणी हाक मारली. गीझर पेटवला. ज्योत निळी, ताठ. पाच मिनिटांनी पुन्हा सुतळी धरली. उत्तम.

"आता खिडक्या लाव," मी ताईला म्हटलं, "आणि स्वयंपाकघरातला पंखा सुरू कर, रोज भाजी करताना करतेस तसा." कारण गीझर तपासायचा तो घर जसं वागतं तसं वागवून. हेही वडिलांचंच.

तिने खिडक्या लावल्या. दाजींच्या खिडक्या, रस्त्यावरचा भोंगा आत न येऊ देणाऱ्या. धूर काढणारा पंखा घरघरू लागला. आणि सुतळीचा धूर नळीच्या तोंडापर्यंत गेला, थबकला आणि माझ्या तोंडावर परत आला.

"वा!" दारातून दाजी म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही. "माझी भिंत फोडलीस. टाइल गेली. रंग गेला. आणि धूर परत आलाच ना? उचलली जीभ लावली टाळ्याला, उचलला हातोडा घातला भिंतीत!"

मी गीझर बंद केला. माझ्या हाताला फोड आले होते, तोंडात सिमेंटची धूळ होती.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. बारकी होती. ताईने घाबरून स्पीकर लावला.

"आई, आमच्या दोघांच्या रक्तात तो विषारी वायू सापडलाय. बाळाला ऑक्सिजनचा मास्क लावलाय. एवढासा मास्क आहे गं, तरी त्याचं सगळं तोंड झाकतो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आता हालचाल करतोय. रडतोय पण. बाबांना सांग, सकाळची वेळ आहे आणि तो रडतोय."

खरं तर दुपार झाली होती. तिच्या ते लक्षात नव्हतं. कुणीच तिला सांगितलं नाही.

फोन बंद झाला. दाजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ती चौकटही त्यांनीच केलेली. मला वाटलं, आता ते रडतील किंवा ओरडतील. दाजींनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. ते आत आले, माझ्या हातातली सुतळी घेतली आणि पंखा चालू असताना स्वतः नळीखाली धरली. धूर परत येताना बघत राहिले. लाकडाची शीर बघावी तसे.

"पंखा ओढतोय," ते म्हणाले.

"हो."

"पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी कुठून तरी आत यायला हवी."

"हो."

"खिडक्यांतून येत नाही." त्यांनी सुतळी नळीच्या तोंडाशी नेली. "म्हणून ती नळीतून आत येते."

मला बोलता आलं असतं. पण काही गोष्टी माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय त्याच्या होत नाहीत, आणि मीही काही अगदीच दगड नाही.

दाजींनी धुण्याच्या खोलीची खिडकी बिजागऱ्यांवरून उतरवली. बाहेरच्या भिंतीतली, नळीच्या तोंडापासून लांबची. सागवानाची झडप, त्यांच्या हातची. ती अंगणात सुतारकामाच्या घोडीवर आडवी ठेवली आणि करवत घेतली. करवत लाकडाला लावून क्षणभर तशीच धरली. मग कापली. खालचा अर्धा भाग काढून टाकला आणि तिथे तिरक्या पट्ट्या बसवल्या, बोटभर अंतर ठेवून, पाऊस आत येणार नाही पण हवा येईल अशा.

"या फिरत्या करू का?" त्यांनी विचारलं. "थंडीत बंद करता येतील."

"नाही. बंद करता येणारी वस्तू माणूस बंद करतो."

ते मान डोलावून पट्ट्यांना खिळे मारायला लागले. एकेका पट्टीला चार-चार. कुणाला उपटायची म्हटली तर भिंत यावी सोबत.

झडप पुन्हा जागेवर बसली आणि तिसऱ्यांदा सुतळी धरली ती ताईने. सगळ्या खिडक्या बंद, पंखा जोरात, गीझर पेटलेला. धूर वर चढला, नळीत शिरला आणि परत आला नाही. मी अंगणात जाऊन बघितलं. नव्या रंगाच्या भिंतीतून बाहेर आलेल्या काळ्या बोंडकातून बारीक करडा धूर निघत होता. इतकं देखणं काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तरीही वाजणारं यंत्र, विषारी वायू साठला की बोंब मारणारं, मी दुसऱ्या दिवशी आणून बारकीच्या खोलीत लावलं. सुतळी घराची परीक्षा घेते, पहारा करत नाही.

संध्याकाळी व्याही आले तेव्हा घरात सिमेंटची धूळ होती, कपाटाची दारं अंगणात होती आणि एवढ्या कामानंतर घरातल्या कुणीही आंघोळ केलेली नव्हती. बारकी आणि बाळ दवाखान्यातून नुकतेच आले होते. दोघांचे चेहरे उतरलेले, पण डोळे उघडे. बारकीने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, बापाला वाचवलंही नाही. विहीणबाईंनी नातवाला छातीशी धरलं ते सोडलंच नाही.

व्याही हात धुवायला धुण्याच्या खोलीत गेले. दाजींच्या कामाची कीर्ती त्यांच्या कानावर होती, त्यामुळे प्रत्येक जोडावरून हात फिरवत गेले. खिडकीपाशी त्यांचा हात थांबला. गार झुळूक लागली असणार.

"मिस्त्री," ते हसत म्हणाले, "म्हणजे तुमच्याही कामात फट राहते म्हणायची!"

ताईने माझा हात धरला. आम्ही दोघी दाजींकडे बघायला लागलो.

दाजींनी खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसलं.

"राहिली नाही," ते म्हणाले. "ठेवली आहे."